गारमाळावरची घोंगडी

गारमाळाच्या टोकाला ही जी बाभळ दिसते, तिच्यावर पौषात घोंगड्या लोंबकळताना दिसतील. पाहुण्यांना वाटते, वाळत घातल्यात. ऐन थंडीत, तेही काट्यांवर, कोण शहाणा घोंगडी वाळवील? त्यामागची हकिकत जुनी आहे.

असे सांगतात, की धुळा नावाचा धनगर इथे लोकर कातरायचा. त्याची विधवा बहीण ठकाबाई. नऊ गाभण मेंढ्या, एवढाच तिचा संसार. पण दोन हिवाळे तिची कोकरे जन्मताच काकडून मेली होती. धुळाच्या जिवाला घोर लागला. बसला तर उठावे, उठला तर कळपाभोवती फिरावे. फिरता फिरता त्याच्या ध्यानात आले: दाट लोकरीमुळे आईला वारा लागतच नाही. ती उघड्या माळावरच विते आणि ओले कोकरू गारठते. आईलाच थंडी वाजली, तर ती आपणहून आडोशाला जाईल.

"गाभणीला कातर लावशील तर गाभ टाकंल," म्हातारे म्हणाले. ठकाबाई म्हणाली, "दादा, न्हाय लावली तरी मरत्यातच की. लाव."

एरवी मेंढीचे पाय बांधून तिला आडवी पाडतात. धुळाने एकीलाही पाडले नाही. ठकाबाईने उभ्या मेंढीची मान कुशीत धरायची, याने गुडघे टेकून कातरायचे. पोटाशी आधी बोटे, मग कातर. अंगावर बोटभर लोकर राखली. नऊही मेंढ्या सुखरूप कातरून झाल्या. चार रात्रींनी पहिल्यांदाच धुळाचा डोळा लागला, तोही भरदुपारी, मेंढ्या कोंडायच्या दगडी वाड्याच्या भिंतीशी, जाड घोंगडीत.

नेमके तेव्हाच आभाळ भरून आले. बोचरा वारा, वर पावसाची भुरभुर. मेंढ्या आडोशासाठी वाड्याच्या तोंडाशी आल्या, पण तिथे काट्यांची झाप लावलेली. त्या ओरडत राहिल्या. घोंगडीतल्या धुळाला ना वारा लागला, ना हाक ऐकू आली. ठकाबाई धावत पोहोचली तेव्हा एक मेंढी पोटातल्या पिलासकट गेली होती.

ती रडली नाही म्हणे. एवढेच म्हणाली, "दादा, तुला थंडी वाजली न्हाय, मग त्यांची कशी कळंल?"

धुळाने त्याच पावली घोंगडी बाभळीवर टाकली आणि शपथ घेतली, की शेवटची मेंढी विईपर्यंत अंगावर घेणार नाही. मग त्याच्या पायाला भिंगरीच लागली. अंगावर शहारा आला, की उठून झाप उघडायची आणि मेंढ्या आत घ्यायच्या. ओठ फुटले, बोटे वळेनात, पण एका जागी बसणे नाही. आठही मेंढ्या वाड्यात व्याल्या. एकही कोकरू गारठले नाही.

ठकाबाईने स्वतः घोंगडी काढून भावापुढे धरली. "झालं दादा. आता घे."

"नववी ऱ्हायलीय," धुळा म्हणाला, आणि घोंगडी त्याने पुन्हा बाभळीवर ठेवली.

आजही गारमाळावर गाभण मेंढी उभीच कातरतात आणि कातरणारा आपली घोंगडी या बाभळीवर टाकतो. शेवटची मेंढी व्याली, की ज्याची त्याने उतरवून न्यायची. एक घोंगडी मात्र कोणी उतरवत नाही. ती विरली, की माळावरच्या बाया नवी विणून टाकतात.