खेकड्याची नांगी आणि गुळगुळीत गोटा

करंजाच्या सावलीतल्या एका ओढ्यात एक खेकडा राहत असे. त्याची डावी नांगी लहान नि दुबळी होती, पण उजव्या नांगीला आतून खोलगट बाक होता. गोगलगायीचा शंख त्या बाकात ठेवला, की नांगी जराशी कलायची, शंखाला सगळीकडून कवेत घ्यायची, आणि कट्! शंख फुटला, की ती लगेच उघडून पुढच्या शंखाला तयार. शिंपला मात्र तिच्याने जन्मात फुटला नसता. काठावरची ढोकरी, म्हणजे लहानखुरी बगळी, चिखलातून शंख शोधून आणी. खेकडा ते फोडी आणि आतले मांस दोघे वाटून घेत. ढोकरीची पिले त्यावरच वाढत होती.

खेकड्याला मटकावण्याची जंगलातल्या एका कोल्ह्याला भारी हौस; पण त्या नांगीचा चिमटा एकदा नाकाला बसलेला. म्हणून त्याने एक गुळगुळीत गोटा निवडून आणला आणि लांबूनच पुढे सरकवला.

"खेकडेराव, हा जरा धरून बघा."

गोटा बाकात असा चपखल बसला, की खेकडा हरखूनच गेला. "वा! शंखसुद्धा कधी इतका नेमका बसला नाही!"

"मग सोडू नका हं. कोणीतरी उचलून नेईल," कोल्हा साळसूदपणे म्हणाला.

आता मुलांनो, गोटा काही फुटेना आणि खेकडा काही नांगी उघडेना. ढोकरी शंख घेऊन आली.

"खेकडेदादा, पिलं भुकेली आहेत. एवढा फोडून दे ना."

"दिसत नाही का, नांगी भरलीय?"

"अरे, पण त्या गोट्यातून निघणार काय?"

"निघायला कशाला हवं? बसलाय किती छान, ते बघ!"

असल्या शहाण्यापुढे कोण काय बोलणार? ढोकरी बिचारी दुसरीकडे चारा शोधायला गेली.

कोल्हा याच घटकेची वाट पाहत होता. त्याने झुडपातून झेप घेतली. खेकड्याने नांगी उगारली खरी, पण आवळलेली नांगी चिमटा काढणार कशी? कोल्हा तिलाच करकचून चावला. गोट्यावर त्याचा सुळा मोडला आणि खेकड्याची नांगी मुळापासून तुटली. एक केकाटत जंगलात पळाला, दुसरा कसाबसा बिळात शिरला.

सकाळी ढोकरी पुन्हा शंख घेऊन बिळापाशी आली. खेकड्याने सवयीने उजवीकडे पाहिले. तिथे काहीच नव्हते.

"ताई, आता दुसरा खेकडा बघ," तो खालच्या आवाजात म्हणाला.

तात्पर्य : चपखल बसते ते सगळेच कामाचे नसते; ज्याने हात अडतो, ते वेळीच सोडावे.