सनदेच्या पाठीवरचं कवन

आपली टिंगल करणारं कवन रचलं म्हणून जांभुळणीच्या जहागीरदारांनी सदोबा कारकुनाला हद्दपार केलं. परमुलखात तो तापानं गेला. त्याचे वडील विसाजीपंत जहागीरदारांकडेच दप्तरदार होते. सुतक फिटल्यावर ते कामावर आले, तेव्हा जहागीरदार म्हणाले, "ते कवन माझ्यासमोर जाळा."

पंतांनी दप्तराचा रुमाल सोडून कागद पुढे ठेवला.

"सरकार, सदोबानं ते आपल्या जहागिरीच्या सनदेच्या पाठीवर लिहिलंय. पुढच्या बाजूला बादशाही शिक्का आहे. कोणती बाजू जाळू?"

जहागीरदारांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"ठेवा बांधून," ते पुटपुटले.

पंतांनी कागद घडी करून रुमालात ठेवला. मुलाच्या हातचं एवढंच उरलं होतं. गाठ मारताना त्यांचे डोळे भरून आले.