नवरदेव नसलेली वरात

डोंगर, नदी आणि माळ जिथं एकमेकांना खेटून होते, तिथं तीन राज्यंही तशीच खेटून बसली होती. डोंगरकोट, नदीकोट आणि माळकोट. फार खेटून बसलं की कोपर लागतंच. आज यानं त्याचं कुरण दाबलं, उद्या त्यानं याची आमराई तोडली. माणसं मरायची. मग राजे तह करायचे, पोटभर जेवायचे आणि पुन्हा भांडायचे.

शेवटी त्यांनाही कंटाळा आला. तिन्ही शिवा जिथं मिळतात तिथल्या चिंचेखाली डोंगरकोटचा राजा, माळकोटचा राजा आणि नदीकोटची राणी एकत्र बसले. तिघांनी बेलभंडारा उचलला आणि शपथ घेतली, की आजपासून कुणीही कुणाशी लढाई करणार नाही. गावोगावी गोडधोड झालं. तलवारी घडवणारा लोहार तेवढा रडला, पण लोकांनी विळे धार लावायला देऊन त्यालाही गप्प केलं.

शपथ चांगली होती. तिच्यात एकच खोट होती. ती 'लढाई' या शब्दावर घेतलेली होती, आणि शब्द चुकवणं राजांना तलवार चुकवण्यापेक्षा फार सोपं जातं.

थोड्याच दिवसांत नदीकोटच्या राणीची माणसं भाले घेऊन माळकोटात शिरली. विचारलं तर म्हणाली, हरवलेली गुरं शोधतोय. गुरं काही सापडली नाहीत, पण पाण्यानं भरलेली एक विहीर सापडली, ती त्यांनी ठेवून घेतली. मग डोंगरकोटच्या राजानं नदीकोटच्या एका गढीत पाहुणे पाठवले. सगळे चिलखत घातलेले. ते जेवले, झोपले आणि परत जायचं विसरले. माळकोटच्या राजाला डोंगरकोटचं कुरण फार दिवसांपासून आवडत होतं. गुरं आणि पाहुणे दोन्ही वापरून झाले होते. म्हणून त्यानं वरात काढली.

कुरणाच्या तोंडाशी खिंड होती आणि खिंडीत म्हाळोजी नावाचा डोंगरकोटचा पहारेकरी होता. स्वभावानं थंड. त्याला एकच भाऊ, धाकू. तो होता तापलेला तवा. लहानपणी पंतोजींनी सांगितलं की 'ण' या अक्षरानं एकही शब्द सुरू होत नाही. धाकूनं विचारलं, मग ते ठेवलंय कशाला? पंतोजी छडी शोधू लागले. धाकू पाटी तिथंच टाकून घरी आला तो परत गेला नाही. आईवडील नव्हते. शिकायचं ते तो दादाकडून शिकला, आणि त्यातलंही निम्मं ऐकायच्या आधीच उठून जायचा.

त्या दिवशी धाकू दादाची भाकरी घेऊन खिंडीच्या वरच्या अंगाला पोचला होता. खालून वरात येताना त्याला दिसली. पुढं सनई, मागं ताशे, भगवे-जांभळे फेटे, नाचणारे घोडे. प्रत्येकाच्या कमरेला तलवार होती आणि आहेराच्या गाड्यांतून तटाला लावायच्या शिड्या डोकावत होत्या.

म्हाळोजीनं हात वर करून वरात थांबवली. नीट बघितलं. मग अगदी आदरानं म्हणाला, "पाव्हणं, सगळं झकास आहे. पण नवरदेव कुठाय?"

वरात गोंधळली. पुढच्यांनी मागं बोट दाखवलं, मागच्यांनी पुढं. एकजण म्हणाला की तो लाजतोय. दुसरा म्हणाला की तो जेवतोय. म्हाळोजी म्हणाला, जेवू द्या, मी थांबतो. तेव्हा ज्याला काहीच सुचलं नाही, त्यानं तलवार काढली.

सनई वाजतच राहिली. धाकू धडपडत खाली पोचला तोवर वरात कुरणात शिरली होती आणि म्हाळोजी उठणार नव्हता.

त्या मुलखात लढताना पडलेल्या माणसाचा वीरगळ उभा करायची रीत होती. वेशीवर एक उभा दगड, त्याचे तीन कप्पे. खालच्या कप्प्यात माणूस कसा पडला ते कोरायचं. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला उचलून वर नेतात. सगळ्यात वर तो देवापुढं हात जोडून बसलेला. वर्षातून एकदा गाव दगडांना शेंदूर लावायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचा दगड नाही त्याचं नाव कुणी घेत नसे. धाकूला बाकी काही कळत नव्हतं, पण दादाचं नाव घेतलं गेलं पाहिजे एवढं कळत होतं.

तो गोंदाजी पाथरवटाकडं गेला. गोंदाजीनं चांगला काळा दगड निवडला, घासला, कप्पे आखले आणि म्हणाला, वाड्यावरून परवानगी आण.

वाड्यावरच्या कारभाऱ्यानं धाकूचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "लढाईत पडलेल्याचाच वीरगळ होतो. लढाईला तर बंदी आहे. मग तुझा भाऊ लढाईत पडेल कसा?"

"मग कशात पडला?"

"वरातीत. गर्दी असते, माणूस चेंगरतो."

"चेंगरलेल्या माणसाच्या छातीवर वार होतो का?"

"वरातीत काय काय टोचतं," कारभारी म्हणाला आणि पान लावायला लागला.

धाकूला कळेना, आपलाच राजा आपल्या माणसाला चेंगरलेला का ठरवतोय. कारण सोपं होतं. डोंगरकोटच्या राजानं वरातीला लढाई म्हटलं असतं, तर राणीनं त्याच्या पाहुण्यांना काय म्हणायचं ते विचारलं असतं.

धाकू पाय आपटत परत आला. म्हणाला, गोंदाजीकाका, निदान वरचे दोन कप्पे तरी कोरा. गोंदाजीनं छिन्नी खाली ठेवली. "पोरा, खाली माणूस पडलाच नाही तर अप्सरा उचलणार कुणाला? त्या काय रिकाम्या हातानं वर जातील?"

यावर धाकूनं जे केलं ते विचार करून केलं नाही. त्यानं कोरा दगड बैलगाडीत घातला आणि चिंचेकडं निघाला. शपथेला वर्ष झालं होतं आणि तिघं तिथं पुन्हा जमणार होते. गोंदाजीही गाडीत चढला. दगड त्याचा होता आणि धाकूचा भरवसा नव्हता.

चिंचेखाली मोठा थाट होता. मांडव, तोरणं, पंगतीची तयारी. राणीनं उभं राहून सांगितलं की वर्षभरात एकही लढाई झाली नाही. टाळ्यांनी चिंचेवरची पाखरं उडाली. डोंगरकोटच्या राजानं माळकोटच्या राजाला हार घातला, माळकोटच्या राजानं तोच काढून राणीला दिला. एवढ्यात मांडवाच्या मधोमध बैलगाडी येऊन थांबली आणि एका बैलानं तोरण खायला सुरुवात केली.

धाकूनं मुजरा केला आणि विचारलं, "सरकार, वरातीत पडलेल्या माझ्या दादाचा हा वीरगळ. खालच्या कप्प्यात काय कोरू?"

माळकोटचा राजा उदार मनानं म्हणाला, वरात कोर, चांगली ताशेवाली कोर, खर्च माझा.

"कोरतो. नवरदेव कोण होता तेवढं सांगा. त्याचा चेहरा कोरावा लागेल."

राजानं इकडंतिकडं बघितलं. नजरेला पहिला पडला तो त्याचा सेनापती. राजानं त्याच्याकडं बोट केलं. सेनापती नातवंडांचा आजा होता. त्याची बायको माळकोटात होती आणि ही बातमी संध्याकाळपर्यंत तिथं पोचणार होती. तो घाईघाईनं म्हणाला की आपण नवरदेव नव्हतो, आपण फक्त तलवारी मोजत होतो.

मांडवात हशा पिकला. धाकू हसला नाही. ज्या माणसांना उत्तर देता येत नव्हतं म्हणून दादा गेला, ती अजून उत्तर शोधतच होती, आणि आता तर त्यांना गंमत वाटत होती. त्याच्या डोक्यात सणक गेली. त्यानं गाडीतला गोंदाजीचा घण उचलला आणि माळकोटच्या राजाकडं चालू लागला.

तिन्ही राज्यांच्या शिपायांनी तलवारी उपसल्या. शांततेच्या सभेला एवढ्या तलवारी आल्या होत्या हे तेव्हाच सगळ्यांना दिसलं.

गोंदाजी गाडीतून ओरडला नाही. त्यानं नुसतं विचारलं, "धाकू, काय करतोयस?"

"काही नाही काका," धाकू दात आवळून म्हणाला. "महाराजांना जरा समजावतोय."

कुणीतरी फिसकन हसलं. मग माळकोटचा राजा हसला, आणि हसता हसता त्याची जीभ सैल सुटली. "बघा, याच्याकडंही शब्द आहे की. राणीसाहेबांची गुरं, यांचे पाहुणे, आमची वरात, आणि आता याचं समजावणं."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. राणी आपल्या बांगड्या बघू लागली. डोंगरकोटचा राजा त्या बैलाकडं बघू लागला.

धाकू घण हातात धरून तसाच उभा होता. राजा हातभर अंतरावर होता आणि घाबरलेला होता. एक घाव आणि झालं असतं. पण 'समजावतोय' हा शब्द त्याच्या कानातून जाईना. तो शब्द त्यानं स्वतः काढला होता, विचारही न करता, वरातवाल्यांइतक्याच सहज. त्यानं राजाच्या मागं बघितलं. तिथं राजाचा धाकटा भाऊ उभा होता, पांढराफटक. हा घाव बसला तर उद्या तो दगड घेऊन फिरेल, आणि त्याला कुणीतरी सांगेल की तुझा भाऊ समजावताना गेला.

धाकूनं घण सोडला. तो नेमका त्याच्याच पायाच्या अंगठ्यावर पडला.

तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. खिंडीतल्या त्या दिवसापासून तो रडला नव्हता. लोकांना वाटलं अंगठा फार लागला. एकानं पाणी आणलं, एकानं हळद आणली. धाकूनं त्यांना तसंच वाटू दिलं आणि अंगठ्याच्या नावानं पोटभर रडून घेतलं.

मग नाक पुसून तो म्हणाला, "मी मारायला आलो होतो. समजावायला नाही, मारायलाच. आता तुम्ही सांगा, तुम्ही कशाला गेला होता."

राणीनं बांगड्यांवरून नजर काढली. मग ती हळूच म्हणाली की माझं एकही जनावर हरवलं नव्हतं. डोंगरकोटचा राजा खाकरला आणि म्हणाला की चिलखत घालून कुणी पाहुणा जात नाही, हे मलाही ठाऊक होतं. उरला माळकोटचा राजा. त्यानं दोघांकडं बघितलं. काल दोघंही त्याच्यासारखेच होते म्हणून त्याला निर्धास्त वाटत होतं. आज ते दोघं एका बाजूला बसले होते.

"नवरदेव नव्हता," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं.

त्याच दिवशी शपथ पुन्हा घेतली. या वेळी तिच्यातून 'लढाई' हा शब्द काढून टाकला. नवी शपथ अशी, की हत्यार घेऊन कुणीही दुसऱ्याच्या शिवेत पाऊल टाकायचं नाही. कशाला टाकलं, त्याला काय म्हणतात, हे विचारायचंच नाही. टाकलं तर उरलेले दोघं मिळून त्याला अडवतील. ज्याच्या घरात कुणी घुसला त्यानं त्याला शिवेपर्यंत ढकलावं, शिवेपुढं नाही.

माळकोटच्या राजानं विचारलं, "पण उद्या खरीच वरात निघाली तर?"

"तलवारी शिवेवर ठेवून ये," राणी म्हणाली. "जेवायला वाढू."

विहीर, गढी आणि कुरण ज्याचं त्याला परत गेलं. त्यानंतर तिघं साधू झाले असं नाही. पुढच्याच वर्षी माळकोटहून हत्यारबंद वैद्यांचं एक मोठं पथक डोंगरकोटच्या तब्येतीची चौकशी करायला निघालं होतं. पण शिवेवर कुणी त्यांचं नाव विचारलं नाही. फक्त कमरेकडं बघितलं. नदीकोटची माणसंही येऊन उभी राहिली, तेव्हा वैद्य म्हणाले की तब्येत चांगली दिसते, आणि परत गेले.

गोंदाजीनं खालचा कप्पा कोरला. समोर तलवारी घेतलेले घोडेस्वार, आणि त्यांच्यापुढं एकटा म्हाळोजी, हात वर करून. धाकू लंगडत बघायला आला. म्हणाला, नाक एवढं सरळ नव्हतं. गोंदाजीनं नाक वाकडं केलं. म्हणाला, कानही मोठे होते. गोंदाजीनं कान मोठे केले.

मग मधल्या कप्प्यासाठी गोंदाजीनं कोळशानं रेघा ओढल्या. रीतीप्रमाणं दोन अप्सरा, दोन्ही बाजूंनी हात दिलेल्या.

धाकूनं मान हलवली. "काका, दोन पुरायच्या नाहीत. चार काढा."

"चार कधी कुणी काढल्यात का?"

"दादा जड आहे," धाकू म्हणाला. "खिंडीतून मी एकट्यानं आणलाय त्याला."

गोंदाजीनं रेघा पुसल्या आणि चार काढल्या.

तात्पर्य: मारायला निघालेला माणूस आपल्या कामाला गोड नाव देतोच. म्हणून ते नाव ऐकत बसू नये, हातात काय आहे ते बघावं आणि सगळ्यांनी मिळून त्याला अडवावं. आणि हात आपला असेल, तर आधी तो खाली घ्यावा.