तानीला हाक

“आता आणखी काय करायचं राहिलं, बाबा?”

हेरंबचा आवाज चढला होता. अमरावतीत बारा वर्षं जाहिरातींचं काम केलेला माणूस. ते सोडून पूर्णाकाठच्या आश्रमात आडकूबाबांपाशी राहायला आला होता.

एसटी स्टँडवर सापडलेली एक म्हातारी तीन आठवड्यांपासून आश्रमात होती. नाव सांगेना, गाव सांगेना. बोलतच नव्हती.

“पेपरात फोटो दिला. रेडिओवर सांगितलं. रिक्षाला भोंगा लावून तालुका पालथा घातला. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप... सहा लाख लोकांनी पाहिलं तिला!”

बाबा उठले. म्हातारी ओसरीवर मेथी निवडत होती. तिच्याशेजारी बसून तेही मेथी निवडू लागले.

हेरंब उभाच होता. पाच मिनिटं... दहा मिनिटं...

“कोवळी आहे,” बाबा म्हणाले. “घरी कोणाला आवडते?”

म्हातारीचे हात थांबले.

“तानीले...”

बाबा मेथी निवडत राहिले.

“खेळतच रायते. हाक मारल्याबिगर येतच नाही जेवाले.”

“मग मारता का हाक? याच्या फोनमधून तिच्यापर्यंत जाईल.”

म्हातारीने फोनकडे पाहिलं. होकारार्थी मान डोलावली. पदर सावरला.

“तानी वोऽऽ! ये माय, जेवाले ये!”

हेरंबने ती हाक फोनमध्ये रेकॉर्ड केली.

संध्याकाळपर्यंत ती हाक व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव पोचली. सकाळी रेडिओवर वाजली. पेपरात फोटोखाली तेवढेच शब्द आले, आणि आश्रमाचा पत्ता.

चौथ्या दिवशी पन्नाशीची एक बाई फाटकातून धावत आली. हातात पेपरचं कात्रण.

“फोटो मी दोनदा पाह्यला, बाबा. वळखूच नाही आली माय, इतकी वाळली. पण हाक आयकली अन्...”

म्हातारीने तिला जवळ ओढलं. तिच्या पिकल्या केसांवरून हात फिरवत विचारलं, “जेवली का वो?”

हेरंब बाबांजवळ येऊन उभा राहिला.

“बाबा... तीन आठवडे मी सगळ्यांना तिला दाखवत होतो. तिच्यापाशी एकदाही बसलो नाही.”

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“जा, आता बस. त्यांची एसटी पाचला आहे.”