एक जंगल, एक पिन

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. खरं म्हणजे आमच्याकडच्या जंगलांत सिंह नसतोच. पण गोष्टीला राजा लागतो, म्हणून कुणीतरी एकदा बाहेरून आणला. गोष्ट संपली, तरी तो गेला नाही.

जंगलात धबधब्यावरची वीज होती. मोठ्या उंबराखाली सगळ्यांसाठी एक बोर्ड होता. माकडाकडे मोबाइल होता, म्हाताऱ्या कासवाकडे कानात घालायचं यंत्र होतं आणि घुबडाकडे, का कोण जाणे, बॅटरी. प्रत्येकाची पिन वेगळी. कुणाची गोल, कुणाची चपटी, कुणाची पहिल्या खेपेला हमखास उलटीच बसणारी. त्यामुळे जंगलात एक रीत पडली होती. प्रत्येक बिळात, ढोलीत आणि घरट्यात श्रीखंडाचा एक रिकामा डबा असायचा आणि त्यात जुने चार्जर. यंत्र मेलं तरी चार्जर टाकायचा नाही, कधी कुणाला लागेल सांगता येत नाही.

कुणाचं काही बंद पडलं की ते शेजारी जायचं. "काकू, जरा डबा बघू." मग डबा उपडा व्हायचा, गुंता सोडवता सोडवता चहा व्हायचा, सुनेचा विषय निघायचा. वैताग होता, पण घरचा होता.

याच जंगलात एक टिटवी होती. पाणवठ्यावर तिला दिवसपाळीची नोकरी होती. कुणी आलं की ओरडायचं. तिची चार अंडी घरी असायची, एका ऊबपेटीत. पेटी विजेवर चार्ज व्हायची. तिच्या चार्जरला टिटवीने हिरवा दोरा बांधला होता, डब्यात चटकन सापडावा म्हणून. अंडी फुटायला सहा-सात दिवस उरले होते, आणि नेमकी तेव्हाच निवडणूक आली.

ऊर्जामंत्री तरसराव उंबराखाली भाषणाला उभे राहिले.

"बंधूंनो, भगिनींनो आणि शेपूट असलेल्या-नसलेल्या तमाम मतदारांनो! सात पिढ्या तुम्ही डबा उपडा करताय की नाही?"

"करतोय!"

"हा गुंता कुणी केला?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विरोधी पक्षाचे लांडगे मागे उभे होते. आपली पिन गोल की चपटी यावरून त्यांच्यात नुकतीच फूट पडली होती.

"त्यांनीच!" सगळे ओरडले.

"महाराजांनी ठरवलंय. एक जंगल..."

"एक पिन!"

टाळ्या इतक्या पडल्या की पिन कशी असेल, हे विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. सगळ्यांनी आपापले डबे राजगुहेत जमा करावेत. जो डबा लपवेल, तो गुंताप्रेमी समजला जाईल. गुंताप्रेमी म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण आपण ते नाही, हे दाखवायला सगळे पहाटेपासून रांगेत उभे राहिले. टिटवीनेही डबा दिला. पेटी रात्रीच काठोकाठ चार्ज केली होती. दोन दिवस निघाले असते.

डबा देणाऱ्याला नवी पिन मिळाली. सोनेरी, जाडजूड, वर महाराजांचा चेहरा. संध्याकाळी टिटवी ती घेऊन बोर्डापाशी गेली. सरळ लावली, उलटी लावली, चोचीने ठोकून पाहिली. जाईना. मग ती कचेरीत गेली. तिथे खिडकीत घोरपड बसायची. घोरपडीने एकदा खुर्ची धरली की सरकार बदललं तरी सुटत नाही.

"बाईसाहेब, ही पिन बोर्डात जात नाही."

"जाणार नाहीच. भोकं दुसऱ्या टप्प्यात आहेत."

"पेटीतही जात नाही."

"पेट्या तिसऱ्या टप्प्यात."

"अहो, माझी अंडी आठवड्यात फुटायचीत."

"मग त्यांना जरा थांबायला सांगा. सगळेच थांबलेत."

"निदान माझा जुना चार्जर तरी द्या. हिरव्या दोऱ्याचा आहे."

"मोबाइलवरून अर्ज करा."

"मोबाइल बंद पडलाय."

"मग चार्ज करा की!" घोरपड म्हणाली. "एवढं शिकलेल्या तुम्ही."

"रजा तरी मिळेल का? मी स्वतः बसते अंड्यांवर."

"इलेक्शन ड्यूटी. रजा बंद."

जमा झालेल्या वायरींमधलं तांबं कुठे गेलं, हे ससा भर सभेत विचारणार होता. पण त्याचा माइक बोलता बोलता मेला. चार्जिंग नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊबपेटीचा लाल दिवा मिणमिणून विझला. टिटवीने अंड्यांवर पंख पसरले. कामाची वेळ होत आली होती. नोकरी सोडावी, तर पिल्लं खाणार काय? आणि न सोडावी, तर पिल्लंच कुठली?

शेजारची सायाळकाकू रात्रभर कंदमुळं उकरून घरी परतत होती. दाराशी थबकली.

"काय गं, ओरडायला नाही गेलीस?"

टिटवीने पेटी दाखवली.

"मग मी बसते. नाहीतरी दिवसभर झोपतेच. तिथे झोपायचं ते इथे झोपेन."

टिटवीने तिच्या पाठीवरच्या काट्यांकडे पाहिलं आणि नजर वळवली. कसं बोलावं?

"बघ, बघ, लाजू नकोस," काकू म्हणाली. "काटे पाठीला आहेत गं. पोट मऊ आहे माझं. आजवर कुणी तिकडे बघितलंच नाही, त्याला मी काय करू?"

आणि ती अलगद अंड्यांवर पसरली. "जा आता. जोरात ओरड, मला झोपेतही ऐकू आलं पाहिजे."

चार दिवस असेच गेले. दिवसा काकू, रात्री टिटवी. पाचव्या दिवशी, मतदानाच्या आदल्या सकाळी, काकूच्या पोटाला आतून टोचलं. "अगंबाई," ती म्हणाली, "मलाच काटे!"

चारही पिल्लं बाहेर आली.

तासाभरात तरसराव हजर. सोबत कॅमेरा, चार्जरसकट आणलेला. चार्जरला हिरवा दोरा होता. टिटवीने तो ओळखला.

"एक पिन योजनेचे पहिले चार लाभार्थी!" तरसराव कॅमेऱ्याला म्हणाले.

"अहो, उबवली मी," सायाळकाकू म्हणाली.

"काकू, ऊब काय, कुणीही देतं. त्यामागे धोरण लागतं. आणि जरा बाजूला व्हा, काटे फोटोत येतायत."

काकू बाजूला झाली. पिल्लं उठून तिच्या मागोमाग गेली. सगळ्यात धाकटं म्हणालं, "आई, हा कोण? हा पण आपल्यावर बसला होता का?"

"नाही रे राजा," टिटवी म्हणाली. "हे आपल्यावर नंतर बसतात."

जाताना तरसरावांनी प्रत्येक पिल्लाला जन्माचं सरकारी प्रमाणपत्र दिलं. पिल्लं चार होती, प्रमाणपत्रंही चार होती. फोटो मात्र चारही प्रमाणपत्रांवर एकच होता, आणि त्याला आयाळ होती.