गवराक्काचा बंब

सरदार हैबतरावांना स्नानाची लहर कधी येईल याचा नेम नसे. म्हणून गढीवरचा तांब्याचा बंब पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत पेटता ठेवायचा, असा हुकूम होता. त्यापायी गावच्या बायकांना रोज डोंगरातून वेठीने मोळ्या वाहाव्या लागत. बंब सांभाळणाऱ्या गवराक्काला ते बघवेना. एके दिवशी तिने सकाळीच पाणी कढत केलं, विस्तव काढला आणि बंबाला जाड घोंगड्या गच्च गुंडाळल्या.

दुपारी सरदार न्हाणीघरात आले आणि विस्तव नाही हे पाहून भडकले. "पाणी मी केव्हाही मागेन. विस्तव कुणाच्या परवानगीने काढलास?"

गवराक्का शांतपणे म्हणाली, "सरकार, आपण स्वारीलाही केव्हाही निघता. म्हणून काही घोडा दिवसभर पळवत ठेवत नाहीत. खोगीर चढवून उभा ठेवतात. मी पाण्यावर खोगीरच चढवलंय."

तिने तोटी सोडली. सरदारांनी धारेखाली हात धरला आणि चटका बसताच मागे घेतला. मग मागे उभ्या असलेल्या कारभाऱ्याला म्हणाले, "उद्यापासून एकच मोळी पुरे. आणि तीही वेठीने नको, मोल देऊन आणा."