येसूआत्याची काडी

कडुनिंबाच्या काड्या घेतल्या का सगळ्यांनी? आधी टोक चावून मऊ करा. ए, तो ऊस नाही, हळू चाव. काडी तोंडात फिरत राहील तोवर गोष्ट पुढे जाईल आणि कुणाची काडी थांबली की गोष्टही थांबेल. हा नियम मी केलेला नाही. तो येसूआत्याचा आहे, आणि आज रथसप्तमीला या घाटावर तिचीच गोष्ट सांगायची असते.

आपल्या कुरणवाडीच्या बाजूला आगगाडीची शिट्टीसुद्धा कुणी ऐकली नव्हती, तेव्हाची ही हकीकत. वेळू नदी तेव्हा उन्हाळ्यातही वाहायची, आणि रोज सकाळी गावातल्या बायका इथे मिश्री लावायला बसायच्या. मिश्री म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगावं लागतं, हे एक बरं झालं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना चोळायची. दात दुखला की मिश्री, हिरडी सुजली की आणखी मिश्री. आणि दात पडलाच, तर उरलेले मिश्रीमुळेच टिकले म्हणायचं! हसा खुशाल, पण त्या तुमच्याआमच्याच पणज्या होत्या.

आणि मिश्री काही नुसती दातांसाठी नव्हती. घरात बाईला घटकाभर टेकायला मिळायचं नाही. पण बोट तोंडात असेपर्यंत तिला कुणी कामाला हाक मारत नसे. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. तेवढ्यात सासरचं गाऱ्हाणं सांगायचं, माहेरची आठवण काढायची, रडायचं असेल तर रडून घ्यायचं. एकीनं डबी पुढे करायची आणि दुसरीनं तिच्यातली चिमूट घ्यायची, असा रिवाज होता. ती चिमूट नाकारणं म्हणजे समोरचीला तोडून टाकणं.

अशा या गावात येसू सून होऊन आली. तिची थोरली जाऊ सोनाई. मोठ्या मायेची बाई, घाटावर तिच्या शब्दाला मान होता. पहिल्याच सकाळी ती येसूला हाताला धरून इथे घेऊन आली आणि सगळ्यांदेखत तिनं आपली पितळी डबी उघडली. म्हणाली, "घे बाये, आजपास्नं तू आमच्यातली."

येसू म्हणाली, "नगं आक्का. म्या न्हाई लावत."

सोनाईनं डबी मिटली. का नको, हे येसूला सांगता आलं नाही, कारण सांगायचं तर आईचं नाव काढावं लागलं असतं आणि आईचं नाव काढलं की तिला हुंदका आवरत नसे. बायकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोलेना. सोनाईला तर चारचौघींत नाक कापल्यासारखं झालं. ती येसूला पोटभर जेवू घालायची, पण वाढताना तिच्या तोंडाकडे बघायची नाही. नव्या सुनेला सासरी याहून मोठी शिक्षा नाही, असं मला तरी वाटतं.

मग एकदा सोनाई अंगणात उन्हाला बसली होती. तिनं मोठी जांभई दिली, आणि समोर धान्य पाखडणाऱ्या येसूच्या हातातलं सूप खाली पडलं. सोनाईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. अगदी तसाच चट्टा येसूनं लहानपणी आपल्या आईच्या तोंडात पाहिला होता. आधी तो दुखतसुद्धा नव्हता. मग आईला तिखट झोंबायला लागलं, मग तोंड उघडेना, आणि शेवटी घोटभर पेजही आत जाईना. आई तशीच गेली.

येसू सोनाईच्या पाया पडली. "आक्का, ती मिश्री सोडा. तोंडात चट्टा पडलाय तुमच्या."

"दुखत न्हाई, खुपत न्हाई, आन म्हनं चट्टा!" सोनाई उसळली. "तुला आमच्यात बसायचं न्हाई म्हनून मलाबी उठीवतीस व्हय?"

येसू त्या दिवशी जेवली नाही. पण सोनाईचं ते बोलणं तिच्या डोक्यात फिरत राहिलं आणि फिरता फिरता तिला उमगलं, की या बायकांना मिश्री सोडवेल, पण हे बसणं सोडवणार नाही. आणि ते सोडायला सांगणारी ती तरी कोण? तेव्हा बसणं ठेवायचं आणि मिश्री तेवढी घालवायची.

दुसऱ्या दिवशी ती कडुनिंबाच्या काड्या घेऊन आली, पलीकडच्या त्या धोंड्यावर बसली आणि दात घासता घासता एकटीच गोष्ट सांगायला लागली. गोष्ट तिला आईनं सांगितलेली होती. एका मुलीचं हसू नदीत वाहून गेलं आणि ते शोधायला ती उगमाकडे चालत निघाली, अशी ती गोष्ट. बायकांचे कान टवकारले. एकीनं विचारलं, "मंग? म्होरं काय झालं?"

येसूनं एक काडी पुढे केली. म्हणाली, "काडी धरंल तिला गोष्ट."

असं म्हणतात, की येसूची गोष्ट सुरू झाली की नदीचं पाणी खळखळायचं थांबायचं, मासे काठाला येऊन तोंडं वर काढायचे, आणि कडुनिंबाची फांदी आपणहून खाली वाकायची, म्हणजे बायकांना काडी तोडायला उंच व्हावं लागू नये. आधी एक आली, मग दोघी आल्या. काडी पार झिजेपर्यंत गोष्ट चालायची आणि उरलेली उद्यावर. बघता बघता सगळा घाट त्या धोंड्याकडे सरकला. एकटी सोनाई आपल्या पायरीवर पाठ फिरवून बसायची, बोट तोंडात आणि कान मात्र इकडे.

गोष्टीतली मुलगी एकदाची उगमापाशी पोचली. तिथे डोंगराला दार होतं, आणि ते बंद होतं. मुलीनं दारासमोर उभं राहून हाक मारली. आणि येसू थांबली.

"म्होरं?" बायका म्हणाल्या.

"म्होरलं मला ठावं न्हाई," येसू म्हणाली. आता मात्र तिला रडू आवरलं नाही. "माझ्या आईचं तोंड हितंच मिटलं. मिश्रीनं मिटलं. गोष्ट अर्धीच ऱ्हायली." मग तिनं सोनाईच्या पाठीकडे बघितलं. "आक्का, तुमी बोलू नगा माझ्यासंगं. जलमभर बोलू नगा. पर तुमचं तोंड मिटू देऊ नगा."

तो दिवस रथसप्तमीचा होता. सूर्य नुकताच वर आला होता. सोनाई उठली, सूर्याकडे वळली आणि तिनं सगळ्यांसमोर आ केला. "बगा गं," ती म्हणाली, "काय हाय ते बगा."

बायका पुढे झाल्या, एकेकीनं पाहिलं. कुणाला आपली आई आठवली, कुणाला मावशी, कुणाला सासू. कुणाचं आधी तिखट सुटलेलं, कुणाचं जेवण, आणि सगळ्या तशाच गेलेल्या. इतके दिवस त्या सगळ्या देवाघरी गेल्या असंच म्हटलं होतं, मिश्रीचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

सोनाईनं पितळी डबी नदीत भिरकावली. तिथलं पाणी आठवडाभर काळं होतं आणि मासे गरगरून उलटे पोहत होते, असं म्हणतात. मग ती येसूच्या शेजारी येऊन बसली, तिच्या हातातली काडी घेतली आणि म्हणाली, "म्होरलं म्या सांगते. त्या पोरीनं हाक मारली, आन दार उघडलं."

सोनाईचा चट्टा हळूहळू निवळला. सगळ्यांचाच निवळतो असं नाही, म्हणून तर लवकर बघायचं. पुढे दोघी जावा काड्यांचे भारे डोक्यावर घेऊन गावोगाव गेल्या. जिथे बायका पाण्यावर बसायच्या, तिथे जाऊन बसायच्या. हे सोडा, ते टाका, असं कुणाला म्हणायच्या नाहीत. काडी द्यायच्या, गोष्ट सांगायच्या आणि सूर्याकडे आ करायला लावून तोंड बघायच्या. निघताना येसूआत्या आपली झिजलेली काडी काठावर रोवायची आणि तिचं झाड व्हायचं. वेळूकाठी गावागावात कडुनिंबांची रांग दिसते, ती तिनं लावलेली, असं म्हणतात. झिजलेली काडी रुजत नसते असं शेतकीचे साहेब सांगतात. सांगू देत.

येसूआत्या खूप म्हातारी होऊन गेली आणि शेवटच्या दिवशीही तिनं कडक फुटाणे चावून खाल्ले, असं म्हणतात. तिच्या दोन दाढा पडल्या होत्या असं माझी आजी सांगायची, पण ते तुम्ही ऐकलं नाही असं समजा.

तेव्हापासून रथसप्तमीला कुरणवाडीत प्रत्येक जण चहासुद्धा घेण्याआधी घाटावर येतो. तुमचे ब्रश चालतात, येसूआत्याचा त्यावर राग नाही. तालुक्याहून दातांच्या डॉक्टरीणबाई येतात, त्या बघा, तिकडे बसल्यात. त्यासुद्धा काडी झिजेपर्यंत थांबतात आणि मगच बॅटरी काढतात. गेल्या खेपेला त्यांना सर्जेरावच्या गालात गुटख्याचा चट्टा सापडला. अरे, मागे लपतोस काय, पुढे ये! वर्षभर त्यानं पुडी फोडलेली नाही, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटतो.

झिजल्या का काड्या? चुळा भरा आता आणि सूर्याकडे तोंड करून उभे राहा. लाजायचं नाही, तोंडावरचा पदर काढ गं तू पण. ती मुलगी डोंगराच्या दाराशी आली. दार बंद होतं. तिनं हाक मारली. पुढे काय झालं, ते आता सगळ्यांनी मोठ्यानं सांगा, चांगला आ करून. येसूआत्याच्या आईपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.